रोगाची वर्दी

एखाद्या घराला आग लागली असतां पहिल्यानें ओरडणाऱ्या शेजाऱ्यास कोणी चहाडखोर म्हणत नाहीं. परंतु त्याच घरांत घटसर्पाचें दुखणें आलें आहे असें त्यानें म्युनिसिपालिटीच्या कचेरींत जाऊन कळविलें, तर त्या घराशीं त्याचें जन्माचें वैर होतें. वास्तविक दोन्ही प्रसंगीं धोका सारखाच, एका घरांतून दुसऱ्या घरांत शिरणारा. फरक इतकाच कीं आगीचा धूर सर्वांस दिसतो, आणि रोगाचा धूर बहुधा डॉक्टराला किंवा प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्या माणसालाच दिसतो. म्हणून ज्याला तो दिसेल त्यानें तो आरोग्यखात्यास कळविलाच पाहिजे, असा कायदा अनेक देशांनीं केलेला आहे. अशा कळविण्याला ‘वर्दी’ हा जुना मराठी शब्द मला योग्य वाटतो. बोभाटा चव्हाट्यावर होतो. वर्दी एका अधिकाऱ्याच्या कानावर घालावयाची असते व तेथून ती कामापुरतीच पुढें जावयाची असते. हा भेद विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावा, कारण या विषयावरील बरेंचसें भांडण त्याच्या विसरामुळेंच उत्पन्न झालेलें आहे.

ही कल्पना अगदीं नवी नाहीं. पवित्र शास्त्रांत लेवीय नांवाचें पुस्तक आहे. त्याचा तेरावा अध्याय वाचावयास मुलें कंटाळतात, कारण त्यांत सूज, चट्टे व पांढरे केंस यांचेंच वर्णन पानेंच्या पानें चालतें. परंतु नीट पाहिलें असतां ती एक प्राचीन आरोग्यव्यवस्थाच आहे. कातडीवर संशयास्पद डाग दिसला कीं त्या माणसास याजकाकडे न्यावयाचें, याजकानें तो पाहावयाचा, आणि निश्चय न झाल्यास सात दिवस त्याला निराळें ठेवून पुनः पाहावयाचें. त्या अध्यायांतील रोग म्हणजे आजचा महारोगच होय असें विद्वान म्हणत नाहींत. अनेक त्वग्रोग त्या एका नांवाखालीं येत असावेत. तें कसेंहि असो, संशय व निश्चय यांमधील ते सात दिवस मला फार अर्थपूर्ण वाटतात. आणखी एक गोष्ट. प्रभु येशूनें दहा कुष्ठरोग्यांस बरें केलें तेव्हां त्यांना याजकांकडेच पाठविलें. ज्यानें बाहेर घालविलें त्याच्याच हातीं परत आंत घेण्याचा अधिकार होता. वर्दीला हें दुसरें टोंकहि असावें लागतें, हें पुढें जे कायदे झाले त्यांचे कर्ते पुष्कळदां विसरले.

आधुनिक पद्धतीची सक्तीची वर्दी इंग्लंडांत रूढ झाली. बोल्टन या गिरण्यांच्या शहरानें १८७७ सालीं आपल्यापुरता कायदा करून घेतला, त्यामागून आणखी कांहीं शहरांनीं तसेंच केलें, आणि १८८९ सालीं पार्लमेंटानें या बाबतींत सामान्य कायदा केला. लंडनाबाहेर तो पत्करणें न पत्करणें प्रथम गांवोगांवच्या मंडळांच्या मर्जीवर होतें. १८९९ सालीं तो सर्वत्र सक्तीचा झाला. देवी, पटकी, घटसर्प, विषमज्वर इत्यादि रोगांची यादी त्यांत होती. वर्दी घरच्या कर्त्या माणसानेंहि द्यावयाची व डॉक्टरानेंहि द्यावयाची होती, आणि खासगी रोग्याच्या प्रत्येक दाखल्याबद्दल डॉक्टरास अडीच शिलिंग मिळत असत. तथापि पुष्कळ डॉक्टर या कायद्यावर रुष्ट होते. त्यांचे आक्षेप दोन. पहिला असा कीं, रोग्याचें गुपित राखण्याची जी शपथ ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या नांवानें चालत आली आहे ती यानें मोडते. दुसरा असा कीं, वर्दीच्या भीतीनें लोक डॉक्टरास बोलावणारच नाहींत, आणि मग कायदा आहे पण वर्दी नाहीं अशी स्थिति होईल. पहिल्या आक्षेपाला उत्तर देतां येतें. शेजारच्या दहा मुलांचा जीव ज्यांत गुंतला आहे तें गुपित केवळ एकाचें राहत नाहीं. दुसरा आक्षेप मात्र अनुभवाचा होता, आणि तो खरा कसा ठरतो हें थोड्याच वर्षांत आमच्या मुंबईनें जगाला दाखविलें.

मुंबईंत कायदा नव्हता असें नाहीं. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांतच, घातक रोग आढळल्यास डॉक्टरानें हेल्थ ऑफिसरास विनाविलंब कळवावें, असें कलम घातलेलें होतें. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बंदराजवळील मांडवी भागांत, धान्याच्या वखारी व दाट चाळी यांच्या मधोमध, लोक कांखेंत व जांघेंत गांठ येऊन तीव्र तापानें दोनचार दिवसांत मरूं लागले. डॉ. अकॅसियो व्हीएगस हे मूळचे गोव्यांतील, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले, व म्युनिसिपालिटीचे सभासद. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं त्यांनीं हा गांठीचा प्लेग आहे असें स्पष्टपणें सांगितलें. हें बोलणें सोपें नव्हतें. मुंबई हें व्यापाराचें शहर. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारल्याबरोबर परदेशचीं बंदरें आपल्या जहाजांस बंद होतील हें लहानथोर सर्वांस ठाऊक होतें. कित्येकांनीं त्या निदानावर अविश्वास दाखविला. हा एक विलक्षण प्रकारचा गांठीचा ताप आहे, इतकेंच म्हणावें असें पुष्कळांस वाटत होतें. सुदैवानें दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, यर्सिन यानें हाँगकाँग येथें प्लेगचा जंतु शोधून काढला होता. ऑक्टोबरांत कलकत्त्याहून हाफकिन आले व सूक्ष्मदर्शकाखालीं तोच जंतु दिसला. डॉक्टराच्या शब्दावर जें मानलें गेलें नाहीं तें कांचेच्या तुकड्यावर मानावें लागलें. याच हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती आधीं स्वतःस टोंचून घेतली. हें येथें जातांजातां सांगतों, कारण परीक्षेंत लसच विचारतात, आणि व्हीएगस यांचें नांव कोणी विचारीत नाहीं. मुंबईस गेल्यावर विद्यार्थ्यांनीं धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा अवश्य पाहावा.

तर वर्दी मिळाली, व ती खरी ठरली. पुढें काय झालें तें जास्त महत्त्वाचें आहे. ऑक्टोबरच्या आरंभीं म्युनिसिपल कमिशनरांनीं सक्तीचे हुकूम काढले. रोगी सांपडला कीं त्याला उचलून इस्पितळांत न्यावयाचें, घर धुवून काढावयाचें, सामान जाळावयाचें. रोगी म्हणजे कोणाची तरी आई, कोणाचा तरी एकुलता मुलगा. तो एकदां आर्थर रोडच्या इस्पितळांत गेला कीं परत येत नाहीं, असा लोकांचा समज झाला. समज अगदींच खोटा होता असेंहि नाहीं, कारण बहुतेक रोगी तेथें मरणोन्मुख होऊनच पोंचत. तेथें रोग्यांस मारतातच, अशी कंडी उठली, व २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें त्या इस्पितळावर हल्ला केला. मग सक्ती सैल करावी लागली. परंतु लोकांनीं एक गोष्ट शिकून घेतली होती, ती लपविण्याची. रोगी माळ्यावर दडवीत, मृत्यूचें कारण भलतेंच सांगत, आणि शहर सोडून जात. लक्षावधि लोक रेल्वेनें व होड्यांनीं कोंकणांत, गुजराथेंत व देशावर पांगले, व रोगहि त्यांच्याबरोबर पांगला.

हें लपविणें किती होतें तें कसें कळलें? विद्यार्थ्यांनीं यावर थोडा विचार करावा, कारण येथें अंकगणिताचा एक सुंदर उपयोग आहे. स्मशानांत व कबरस्थानांत मेलेल्यांची नोंद होतच होती. त्या हिवाळ्यांतील एकंदर मृत्यु घेऊन त्यांतून दरवर्षीं त्याच महिन्यांत होणारे सरासरी मृत्यु वजा केले, तर जी बाकी उरते ती प्लेगची असली पाहिजे. ही बाकी वर्दींत आलेल्या प्लेगच्या मृत्यूंहून पुष्कळच मोठी निघाली. जिवंतपणीं ज्याची वर्दी चुकविली त्याची नोंद मेल्यावर झाली, पण तेव्हां ती कोणाच्या उपयोगाची नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं हिंदुस्थान सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा होता व सरकारला जवळजवळ वाटेल तें करण्याची मुभा देणारा होता. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोऱ्या शिपायांनीं घरोघर झडत्या घेतल्या. जेथें वर्दी येत नाहीं तेथें झडती येते, असेंच त्या वर्षाचें वर्णन करावेंसें वाटतें. देवघरांत बूट गेले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली, आणि २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. हा भाग सर्वांना इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई यांनीं पुण्याच्या प्लेग इस्पितळांत स्त्रियांचे जे हाल होत त्यांविषयीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें. त्या मिशनऱ्यांच्या व सरकारच्या जवळच्या समजल्या जात, म्हणून तें लिहावयास धैर्य लागलें असेल. सावित्रीबाई फुले यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं रोगी आपल्या मुलाच्या दवाखान्यांत आणले व १० मार्च रोजीं त्याच रोगानें त्या वारल्या. लोकमान्य टिळकांनीं हिंदूंकरितां निराळें प्लेग इस्पितळ काढलें. मुंबईंतहि निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं. आपल्या माणसांच्या हातून पाणी मिळेल, आपल्या रीतीप्रमाणें शेवट होईल, असा भरंवसा जेथें होता तेथें रोगी आणणें सोपें जाई.

याच सुमारास समुद्रापलीकडे न्यूयॉर्क शहरांत दुसऱ्या एका रोगासंबंधानें निराळी युक्ति चालली होती. कॉख यानें १८८२ सालीं क्षयाचा जंतु शोधून काढल्यावर क्षय हा संसर्गजन्य आहे हें सिद्ध झालें होतें. तेथील आरोग्यखात्यांतील डॉ. हर्मन बिग्ज यांनीं १८९३ पासून डॉक्टरांकडे क्षयाची वर्दी मागावयास आरंभ केला, व १८९७ सालीं ती सक्तीची केली. डॉक्टरांचा विरोध येथेंहि झाला. परंतु बिग्ज यांनीं म्युनिसिपालिटीच्या प्रयोगशाळेंत थुंकी फुकट तपासून देण्याची सोय केली. डॉक्टरास निदानाची मदत पाहिजेच असे. तो थुंकी पाठवी, तिच्याबरोबर रोग्याचें नांव व पत्ता जाई, आणि वर्दी आपोआप होई. मला ही गोष्ट शिपायांच्या झडतीपेक्षां शतपट शहाणपणाची वाटते.

प्रयोगशाळेकडूनहि वर्दी कां घ्यावी असा प्रश्न वर्गांत एका हुशार मुलानें मला विचारला होता. डॉक्टरानें कळविलें म्हणजे झालें नाहीं का? नाहीं. डॉक्टर रोग्याचें तोंड ओळखतो, प्रयोगशाळा जंतूला ओळखते. पांच निरनिराळ्या डॉक्टरांकडे एकेक विषमज्वराचा रोगी गेला, तर प्रत्येकाला तो एकटाच वाटतो. पण पांचांचें रक्त एकाच प्रयोगशाळेंत आलें व पांचांचे पत्ते एकाच आळींतले निघाले, तर तेथील माणसास कळतें कीं त्या आळीच्या नळांत कोठें तरी गटाराचें पाणी मिसळत आहे. उलट, प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत थांबणें कांहीं रोगांत घातक असतें. घटसर्पाच्या नुसत्या संशयावर वर्दी द्यावयाची असते. घशांतील जंतु वाढवून ओळखण्यास दिवस लागतात, आणि तितक्यांत घरांतील इतर मुलांना औषध व लस देण्याची वेळ निघून जाते. म्हणून आपल्या देशांत २००४ सालीं रोगांवर नजर ठेवण्याची जी नवी योजना सुरू झाली तींत तीन निरनिराळे तक्ते ठरविले. पहिला गांवच्या आरोग्यसेवकाच्या संशयाचा, दुसरा डॉक्टराच्या निदानाचा, तिसरा प्रयोगशाळेच्या निकालाचा. लेवीयांतील संशयाचे सात दिवस व याजकाचा निश्चय हेच येथें निराळ्या कपड्यांत आलेले आहेत.

मुंबईनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनीं, १९९४ सालीं, पुनः एकदां प्लेगचें नांव ऐकूं आलें. ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं पिसवा फार झाल्या व उंदीर पडूं लागले. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसांचा प्लेग म्हणून हाहाकार उडाला. सुरतेंतून लाखों लोक पळाले, आणि सांगावयास लाज वाटते, कित्येक खासगी डॉक्टरहि दवाखाने बंद करून त्यांच्यांत होते. ज्यांनीं वर्दी द्यावयाची तेच निघून गेल्यावर अफवेला मोकळें रान मिळालें. एकंदर मृत्यु पन्नासांहून थोडे अधिक, परंतु परदेशांनीं विमानें बंद केलीं, माल नाकारला, व देशाचें अतोनात नुकसान झालें. राष्ट्र हेंहि या बाबतींत घरासारखेंच असतें. घरांत लग्न असलें म्हणजे आजार लपवितात. देशांत व्यापार असला म्हणजे सांथ लपविण्याचा मोह होतो. खरें सांगणाऱ्यास दंड व लपविणाऱ्यास नफा, असा हा उलटा न्याय आहे. पुढच्याच वर्षीं, १९९५ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें आपले जुने नियम बदलण्याचा ठराव केला. २००५ सालीं संमत होऊन १५ जून २००७ पासून अमलांत आलेल्या नव्या नियमांप्रमाणें, इतर देशांस धोका पोंचूं शकेल असा प्रसंग ठरल्यापासून चोवीस तासांच्या आंत राष्ट्रानें वर्दी द्यावयाची असते. आणि त्या वर्दीमुळें इतरांनीं व्यापार व प्रवास विनाकारण अडवूं नये असेंहि त्यांत म्हटलें आहे. तें सर्वत्र पाळलें जातें असें मात्र म्हणवत नाहीं.

आतां क्षयाकडे येतों, कारण आमच्या गांवांत खरा प्रश्न प्लेगचा नसून क्षयाचा आहे. ७ मे २०१२ पासून भारतांत प्रत्येक डॉक्टरानें, मग तो सरकारी असो वा खासगी, क्षयाच्या रोग्याची वर्दी देणें बंधनकारक झालें. मार्च २०१८ मध्यें नवी अधिसूचना निघून प्रयोगशाळा व औषधविक्रेतेहि त्यांत स्पष्टपणें आले, व वर्दी न देणाऱ्यास फौजदारी कलमें लागू शकतील असें जाहीर झालें. त्याच्याच मागोमाग, एप्रिल २०१८ पासून, रोग्यास सकस आहाराकरितां दरमहा ५०० रुपये मिळूं लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. वर्दी देणाऱ्या खासगी डॉक्टरासहि कांहीं रक्कम मिळते. इंग्लंडांतील अडीच शिलिंगांचाच हा वंशज म्हणावयाचा. औषध फुकट मिळतें. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने घ्यावें लागतें, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून तें सोडलें तर रोग पुनः उलटतो, कित्येकदां अशा रूपानें कीं पूर्वींचीं औषधें त्यावर चालत नाहींत. रोग्याची वर्दी असली तर औषध सोडल्याबद्दल विचारावयास कोणीतरी येतें. वर्दी नसली तर कोणीच येत नाहीं.

हें मी पुस्तकांतून शिकलों असें म्हटलें असतें तर बरें झालें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांनीं मला सांगितलें कीं घरांतील धाकट्या भावाला क्षय झाला आहे, बाजारांतील एका डॉक्टराचें औषध चालू आहे, परंतु डॉक्टरांस हातांपायां पडून वर्दी न देण्याविषयीं सांगितलें आहे, कारण बहिणीचें लग्न ठरावयाचें आहे. “सर, आपण घरचेच, म्हणून बोललों,” असें ते म्हणाले. मीं मान डोलविली. व्हीएगस यांचा धडा मी त्याच वर्षीं वर्गांत शिकवीत होतों. लग्न झालें. चुलत्याला बरें वाटूं लागल्यावर त्यानें औषध सोडलें. पुढच्या उन्हाळ्यांत त्या घरची म्हातारी आजी खोकून खोकून वारली. तिला दमा होता असें सर्वजण म्हणाले, आणि मी प्रेतयात्रेस जाऊन आलों. पावसाळ्यांत मुलगा वाळूं लागला. प्रार्थनेच्या वेळीं त्याचा खोकला साऱ्या सभागृहांत ऐकूं येई. तेव्हां मी त्याला स्वतः सरकारी दवाखान्यांत घेऊन गेलों, व त्याची थुंकी तपासावयास दिली.

वर्दी प्रयोगशाळेनें दिली. ज्याला वर्षभर ठाऊक होतें त्यानें दिली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आरोग्यखात्याच्या एक बाई त्या घरीं गेल्या. मीहि तेथें होतों, कारण वडिलांनीं बोलावलें होतें व त्यांना फार भीति वाटत होती. बाईंच्या बरोबर गाडी नव्हती, शिपाई नव्हता. खांद्याला एक पिशवी होती. दारावर त्यांनीं कांहीं चिकटविलें नाहीं. चहा घेतला. घरांत कितीजण आहेत, पांच वर्षांखालील मूल कोणतें, कोण कोणाजवळ निजतें हें विचारून लिहून घेतलें. चुलत्याला शेजारच्या खोलींत नेऊन हळूच बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला दवाखान्यांत यावयास सांगितलें. लहान मुलीकरितां प्रतिबंधक औषध ठरलें. निघतांना त्यांनीं आपला फोन नंबर मुलाच्या आईला दिला, वडिलांना नाहीं. हें मला विशेष वाटलें. घरांत गोळ्या कोण देणार हें त्यांनीं पंधरा मिनिटांत ओळखलें होतें.

मुलगा सहा महिन्यांनीं बरा झाला. मधले कांहीं आठवडे तो घरीं होता. डॉक्टरांनीं हरकत नाहीं असें लिहून दिल्यावर वर्गांत परत आला, व त्याला मीं त्याच्या जुन्याच बांकावर, त्याच्या मित्राशेजारीं बसविलें. चुलत्याचें औषध मात्र जास्त काळ चाललें. त्या वर्षापासून हजेरीपत्रकाशेजारीं मी एक साधी वही ठेवितों. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरीं जावयाचें, व दुखण्याचें नांव विचारून लिहावयाचें. त्या वहींतील नांवें मी कोणास दाखवीत नाहीं, आणि या लेखांतहि त्या मुलाचें नांव कोणास सांपडणार नाहीं.